तेलातला एफ.एफ.ए. आणि रक्तातला एफ.एफ.ए.

तेलाच्या पेढीवर बसणाऱ्याला एफ.एफ.ए. म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. तेल जुने झाले, त्यात पाणी राहिले की मेदाम्ले सुटी होतात आणि भाव पडतो. साबणवालेही ॲसिड ऑइल घेताना हाच आकडा विचारतात. तपासणी ठरलेली आहे. तेल वजन करून गरम स्पिरिटमध्ये घालायचे, फिनॉलफ्थॅलीनचे थेंब टाकायचे आणि गुलाबी रंग टिकेपर्यंत कॉस्टिक सोडा सोडायचा. किती सोडा लागला, त्यावरून टक्केवारी निघते.

हीच सुटी मेदाम्ले आपल्या रक्तातही फिरतात. शरीरातल्या चरबीच्या साठ्यातून ती निघतात, अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून प्रवास करतात आणि स्नायूंचे इंधन होतात. 1956 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. व्हिन्सेंट डोल यांनी ती मोजली, तीही टायट्रेशननेच. पद्धत तेलवाल्याची, माल मात्र फारच थोडा! रक्तातील प्रमाण लिटरला 0.5 मिलिमोल धरले, तर ओलिक ॲसिडच्या हिशेबाने ते 141 मिलिग्रॅम, म्हणजे शेकडा सुमारे 0.014 होते. एवढ्या कमी एफ.एफ.ए.चे तेल कोणी दाखवले तर आपला व्यापारी नमुना पुन्हा तपासायला सांगेल. आज प्रयोगशाळेत सोड्याऐवजी एन्झाइमचे तयार किट वापरतात. रंग जितका गडद, तितकी मेदाम्ले जास्त.

लिपिड प्रोफाइलमध्ये हा आकडा नसतो, हे ग्राहकाला सांगितले पाहिजे. तिथले ट्रायग्लिसराइड म्हणजे अखंड तेल समजा, एफ.एफ.ए. हा त्यातून सुटलेला भाग.

कलेक्शन सेंटर चालवणाऱ्या आपल्या तरुणांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा आकडा तासातासाला बदलतो. जेवणानंतर इन्सुलिन वाढते, चरबी सुटणे थांबते आणि आकडा खाली येतो. उपाशी राहिले की तो चढतो. रमजानमध्ये इफ्तारच्या आधी घेतलेल्या रक्तात तो जास्त येणारच. तो आजार नव्हे. धावपळ, भीती, विडी-सिगारेट यांनीही वाढतो. म्हणून चिठ्ठीवर नमुन्याची वेळ आणि शेवटच्या जेवणाची वेळ दोन्ही लिहावी. रुग्णाला हेपॅरिनचे इंजेक्शन दिलेले असेल तर तेही लिहावे, कारण त्याने रक्तात उतरलेले एन्झाइम नळीतसुद्धा ट्रायग्लिसराइड फोडत राहते. नमुना उन्हात मोटारसायकलच्या डिकीत फिरला, तर यंत्र कितीही महागाचे असो, आकडा खोटाच येणार. रक्त बर्फात ठेवावे, प्लाझ्मा लवकर वेगळा करून गोठवावा. ज्याला हे जमत नाही त्याने ही तपासणी घेऊ नये, गिऱ्हाईक दुसरीकडे गेले तरी चालेल.

आणि मोठ्यांच्या नेहमीच्या तपासणीत याची गरज क्वचितच पडते. हौसेने पॅकेजमध्ये घालून पैसे घेणे आम्हाला पटत नाही. खरी गरज असते ती लहान मुलांत. उपाशीपोटी मूल गळून जाते, साखर एकदम उतरते. अशा वेळी मेदाम्ले भरपूर आणि कीटोन मात्र थोडे असतील, तर शरीराला चरबी जाळता येत नाही असा जन्मजात दोष असल्याची शंका डॉक्टर घेतात. हा नमुना साखर उतरलेली असतानाच घ्यावा लागतो. सुई लागताच आधी रक्त, आणि लगेच त्याच सुईतून ग्लुकोज. ग्लुकोज चढवल्यानंतर काढलेले रक्त या कामाला उपयोगी पडत नाही.