शपथ घेतली, पण संगत तीच

दारू सोडायची तर जोतिबाच्या डोंगरावर जाऊन शपथ घ्यायची, नाहीतर अंबाबाईपुढं नारळ ठेवायचा, हा कोल्हापूरकडचा जुना रिवाज. शपथ घेणारा ढोंगी नसतो. त्या क्षणी त्याचं मन खरंच घट्ट असतं. पण डोंगर उतरला की गाठ पडते ती त्याच दोस्तांशी. शनिवारी कुणाच्या तरी मळ्यावर रस्सा मंडळ ठरतं, आणि तांबड्या-पांढऱ्यासोबत बाटलीही येते. त्या मानानं माळ घातलेल्याचं बरं चालतं, कारण माळेबरोबर त्याला एकादशी, वारी आणि भजनाची मंडळी मिळतात. शपथ पाळायची ती चारचौघांत. दारूमुक्तीच्या सभा नेमकं हेच काम करतात, असं माझं म्हणणं आहे. आणि ते भाबडं नाही, त्याला पुरावा आहे.

केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असं दिसलं, की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसली तरी मदत मिळते, आणि दवाखान्यात दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांत एक. म्हणजे खाटा वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. दुसरी वाट आहे ती सभांची. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रनमध्ये दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरत ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ सुरू केली. त्यांतला एक शेअर बाजारातला माणूस होता, दुसरा डॉक्टर. ही एए भारतात १९५७ मध्ये आली. तिच्या सभांचा कितपत उपयोग होतो, यावर २०२० साली कॉक्रेन संस्थेनं २७ अभ्यासांचा, साडेदहा हजारांवर रुग्णांचा आढावा घेतला. एएच्या सभांशी पद्धतशीर जोडून दिलेल्यांपैकी ४२ टक्के लोक वर्षानंतर पूर्ण कोरडे होते. इतर मान्य उपचार घेतलेल्यांत हा आकडा ३५. निम्म्याहून अधिक लोक पुन्हा प्यालेच की, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, पण बाकीचे उपचार याहून पुढं गेलेले नाहीत. या सभा लागू का पडतात, याचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासांतून बरंचसं श्रेय जातं ते पिणाऱ्या दोस्तांच्या जागी न पिणारे दोस्त येण्याला.

सभेत जादू काही नसते. एखाद्या शाळेचा किंवा चर्चचा वर्ग, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहा. माणूस उठतो, फक्त नाव सांगतो, ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणतो आणि आपली गोष्ट सांगतो. मध्ये कुणी बोलत नाही, उपदेश करत नाही. नव्या माणसानं नुसतं ऐकून घेतलं तरी चालतं. फी नाही, डबा फिरतो, त्यात ज्याला जमेल तो टाकतो, आणि बाहेरच्यांची देणगी घ्यायची नाही असा दंडक आहे. ‘आजचा दिवस’ एवढंच उद्दिष्ट असतं. दारू सोडून वर्ष झालं की वाढदिवस म्हणून टाळ्या मिळतात. एखाद्याची स्लिप झाली, म्हणजे तो पुन्हा प्याला, तरी त्याची खुर्ची जात नाही. घरात ही सवलत मिळत नाही, आणि घरच्यांना दोषही देता येत नाही. त्यांनी फार सोसलेलं असतं.

देवाधर्माचं बोलणं खटकतं, ही तक्रार खरी आहे. बारा पायऱ्यांत ‘ईश्वर’ येतो, पण तो ज्याला जसा समजला तसा घ्यायची मुभा आहे. सदस्यत्वाची अट एकच, दारू सोडायची इच्छा. तेवढंही पटत नसेल तर समुपदेशकाकडं जावं. दुसरी भीती ओळखीची. कोल्हापुरात कोण कुणाला ओळखत नाही? पण तिथं भेटणारा ओळखीचा माणूसही त्याच कारणासाठी आलेला असतो, आणि पिणाऱ्याची बातमी गल्लीला बहुधा त्याच्याआधी लागलेली असते. तरीही अवघड वाटलं तर सांगलीची सभा गाठावी, नाहीतर ऑनलाइन बसावं. बायकांना ही अडचण दुप्पट असते. पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकट्या बाईनं उठून बोलायचं, हे आपल्याकडं सोपं नाही. त्यांच्यासाठी ऑनलाइन सभा हाच सध्या बरा मार्ग.

सभा शोधायची तर एएच्या मुंबईतल्या मुख्य कार्यालयाकडं किंवा संकेतस्थळावर चौकशी करावी. वार आणि जागा बदलतात, म्हणून जायच्या आधी खात्री करून घ्यावी. १४४४६ ही सरकारी नशामुक्ती हेल्पलाइन मोफत आहे. पण रोज सकाळी हात थरथरणाऱ्यानं आधी कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या रुग्णालयात डॉक्टरला गाठावं. एकदम बंद केल्यानं झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो, आणि सभेत त्यावर औषध नसतं. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींतली पूड जेवणात कालवायच्या वाटेला तर जाऊच नये. तसल्या औषधावर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळू शकतो.

राहिला प्रश्न सभेला न येणाऱ्याचा, आणि बहुतेक घरांत तोच असतो. तिथं बायकोनं, आईनं थांबून राहायचं कारण नाही. कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉनच्या वेगळ्या सभा आहेत. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ‘सहचरी’ नावाचा बायकांचा गट चालतो. नवरा अजून पीत असला तरी तिला तिथं जाता येतं, आणि त्यासाठी त्याची परवानगी लागत नाही.