पंचवीस की बावन्न?

माझा भाचा पुण्याला सॉफ्टवेअरचे काम करतो. मागच्या ईदला तो आमच्याकडे, वाशिम जिल्ह्यातल्या मंगरूळपीरला आला होता. जेवताना म्हणाला, "मामू, बिटकॉइनच्या एका कामात दोन दिवस डोके धरून बसलो. आकडे सगळे बरोबर, पण उलटे!" मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. यंत्रातले मला काय कळणार? पण उलट-सुलट म्हटल्यावर कान टवकारले. घरी मी उर्दू उजवीकडून शिकलो, शाळेत मराठी डावीकडून.

मित्रहो, आपल्या मराठीतच पाहा ना. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना मात्र दोन आधी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशी वाचनाची पद्धत सुचवली गेली, तेव्हा केवढा वाद झाला! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचे म्हणणे साधे होते : बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम वेगळा, म्हणून मुले अडखळतात.

संगणकाचेही तसेच आहे. त्याच्या स्मृतीतल्या एका घरात, म्हणजे बाइटमध्ये, ० पासून २५५ पर्यंतचीच संख्या मावते. मोठी संख्या अनेक घरांत वाटावी लागते. काही यंत्रे मोठ्या किमतीचे घर आधी मांडतात, काही लहान किमतीचे. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' या १७२६ च्या पुस्तकात अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून युद्ध पेटते. १९८० मध्ये डॅनी कोहेन या संगणकतज्ज्ञाने तिथलीच नावे या दोन पंथांना दिली : मोठ्या टोकवाले आणि लहान टोकवाले.

चार घरांत मांडलेला १ उलटा वाचला, तर त्याचे १,६७,७७,२१६ होतात. हे पैशांत घडले तर?

२००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनमध्ये रकमा लहान घर आधी ठेवून लिहितात. व्यवहाराची ३२ बाइटांची ओळखखूण मात्र आत एका क्रमाने असते आणि पडद्यावर बरोबर उलटी दिसते. हे ध्यानात घेतले नाही, तर झालेला व्यवहारही सापडत नाही. रक्कम शिलकीपेक्षा जास्त लिहिली गेली, तर इतर संगणक ती नाकारतात. पण चुकून कमी लिहिली गेली, तर उरलेला फरक शुल्क म्हणून व्यवहार नोंदवणाऱ्याच्या पदरात पडतो. बँकेत चूक झाली तर शाखेत अर्ज देता येतो. इथे शाखाच नाही.

यावर उपाय काय? भाच्याने सांगितला. बाहेरून आलेली संख्या एकेका घराची किंमत मोजून वाचायची, म्हणजे आपल्या यंत्राची सवय आड येत नाही. बाहेर पाठवताना पुन्हा ठरलेल्या क्रमाने मांडायची. ओळखखूण फक्त दाखवताना उलटायची, तीही एकदाच. आणि तपासणीला चार घरांत १, २, ३, ४ असे वेगवेगळे आकडे घ्यायचे. सगळीकडे सारखाच आकडा असेल, तर उलटला तरी चूक दिसत नाही.

उर्दूची ओळ उजवीकडून चालते, पण तिच्यात आकडा आला की तो डावीकडून वाचायचा. अब्बांनी हे मला अगदी सुरुवातीलाच सांगून ठेवले होते. म्हणून मी पंचविसाचे बावन्न कधी केले नाहीत. भाच्याला ते सांगणारे कोणी नव्हते, त्याचे दोन दिवस गेले.