पोटातल्या बाळापर्यंत शिसं पोचतं कसं?

तर मंडळी, समजा लहानपणी घरामागे जुन्या बॅटऱ्या फोडायचं काम चालायचं. आता ती ताई जळगावला नांदते आणि पहिल्या बाळंतपणाला धुळ्याला माहेरी आलीय. काम कधीच बंद झालं, मग भीती कसली? भीती हाडांत आहे! शरीर शिशाला कॅल्शियम समजून वर्षानुवर्षं हाडांत साठवतं. गरोदरपणात बाळासाठी हाडांतलं कॅल्शियम सुटतं, सोबत शिसंही सुटतं आणि वार त्याला अडवत नाही. बाळ वेळेआधी किंवा कमी वजनाचं जन्मू शकतं, मेंदूच्या वाढीवरही परिणाम होतो. नागभस्माच्या गोळ्याही नकोत, नाग म्हणजे शिसंच. जेवणात दूध, नाचणी असू द्या. आणि हो, नेहमीच्या तपासणीत शिसं बघत नाहीत. डॉक्टरांना बॅटऱ्यांचं स्वतःहून सांगा.