दुखत नाही म्हणून लपवलेला चट्टा

रोवणीच्या दिवसांत भंडारा जिल्ह्यातल्या दिघोरीला जाऊबाईंकडे गेले होते. बांधीत पऱ्हे लावून दमून आल्या की त्यांचा हात आधी खर्ऱ्याच्या पुडीकडे जातो. त्या दिवशी जांभई देताना त्यांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. विचारलं तर म्हणाल्या, “झाले दोन महिने. दुखत तर नाही बाई, मंग कोणाला दाखवू? अन् डॉक्टरनं गालच कापला तर?”

मैत्रिणींनो, ही भीती त्यांच्या एकटीची नाही. म्हणूनच न कापता, नुसत्या उजेडानं गाठ मारतात म्हणे, ते काय आहे हे मी मुद्दाम वाचून काढलं.

आपल्या रक्ताचा तांबडेपणा ज्यामुळे असतो ते ‘हीम’ शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी थोडंफार बनवते. त्याचा कच्चा माल म्हणजे ‘एएलए’ नावाचं आम्ल. विरजण जसं दुधाचं दही करतं, तशी पेशीतली एन्झाइम, म्हणजे विकरं, या आम्लाचं पायरीपायरीनं एक रंगद्रव्य बनवतात. निरोगी पेशी त्यात लोह घालून काम पुरं करते. कर्करोगाच्या पेशीत ही शेवटची पायरी रेंगाळते आणि रंगद्रव्य साचून राहतं. म्हणून हे आम्ल औषध म्हणून पाजून वर निळा उजेड टाकला की रोगट भाग लालसर चमकतो. मग तांबडा उजेड टाकला की रंगद्रव्य आणि प्राणवायू मिळून ती पेशी मारतात. दाखवणारं आणि मारणारं औषध एकच!

अलीगढ मुस्लिम विद्यापीठातल्या डॉक्टरांनी अमेरिकन संशोधकांबरोबर तोंडाच्या कर्करोगावर हे करून पाहिलं. २०२० साली ते प्रसिद्ध झालं. उपकरण बॅटरीवर चालणारं, एलईडी दिव्याचं, आणि चमक पाहायला स्मार्टफोन. पण गाठी निवडल्या त्या सुरुवातीच्या, २ सेंटिमीटरपर्यंतच्याच. उजेड काही मिलिमीटरच आत पोचतो. रोग खोल गेला, मानेत उतरला, की याचा उपयोग नाही. तोंडाच्या कर्करोगावर आजही मुख्य उपाय शस्त्रक्रियाच. शिवाय औषध घेतल्यावर एक-दोन दिवस उन्हापासून जपायचं. शेतात राबणाऱ्या बाईला हे सांगणं सोपं, पाळणं अवघड!

स्तनाच्या कर्करोगासाठीही असाच एक रंग निघाला आहे, पेग्युलिसायनीन. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. शिरेतून दिलेला हा रंग आधी झाकलेला असतो. गाठीतली विकरं ते झाकण कापतात तेव्हाच तो चमकतो. गाठ काढल्यावर आत काही उरलं का, हे सर्जनला तिथल्या तिथे दिसतं. क्वचित तीव्र ॲलर्जी होते, म्हणून देताना लक्ष ठेवावं लागतं.

जाऊबाईंनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, “म्हणजे लवकर गेलं तर गाल वाचतो?”

बराचसा वाचतो. म्हणून आरसा घेऊन उजेडात बसा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, उभी तीन बोटं आत जाणार नाहीत इतकं आखडलेलं तोंड, यांपैकी काही असेल तर दुखण्याची वाट पाहू नका.

दुसऱ्या दिवशी रोवणी सोडून आम्ही भंडाऱ्याला गेलो. चट्ट्याचा तुकडा तपासायला घेतलाय, रिपोर्ट पुढच्या आठवड्यात. बसमध्ये त्यांनी खर्ऱ्याची पुडी माझ्या हातात दिली. घरी उशीखाली दुसरी आहे, हे मला ठाऊक आहे.