उसाची जात ओळखावी कशी?

सभासद बंधूंनो, शिरवळ गटातल्या एका नोंदीवर जात लिहिली होती को 86032. आमचा चिटबॉय फडात शिरला, तर एकाच सरीत तीन तऱ्हांचा ऊस! बेणे शेजाऱ्याकडचे, त्याने आणले पाहुण्यांकडून. आता कोयता घालायचा कधी? को सी 671 लवकर पिकतो, फुले 265 मागाहून. एक उतरणीला लागतो तेव्हा दुसरा कच्चाच. वजन जाते सभासदाचे, उतारा सगळ्यांचा.

हा घोळ जुनाच आहे. 1912 साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र निघाले, तेव्हा एकाच देशी उसाला गावोगाव वेगळे नाव होते. तिथल्या बार्बरसाहेबांनी नावे बाजूला ठेवली आणि कांडी, डोळा, पान तपासून देशी उसाचे पाच गट पाडले: मुंगो, सारेथा, सुन्नाबिले, नरगोरी, पनसाही. पुढे पेशीतली गुणसूत्रे मोजू लागले. जाड रसाळ उसात ती 80, तर नदीकाठच्या पांढऱ्या तुऱ्याच्या काशात 40 पासून 128 पर्यंत. त्याच काशाचा जाड उसाशी संकर करून 1918 साली को 205 आला. ज्याला आपण गवत म्हणून उपटतो, त्याचे रक्त आज आपल्या फडात आहे!

नावातही हिशेब असतो. 'को' म्हणजे कोइमतूर, 'एम' म्हणजे महाराष्ट्र. 86032 म्हणजे 1986 सालचा 32 वा. को एम 0265 म्हणजे 2002 सालचा 65 वा. को 419, को 740 हे जुने, त्यांचे नंबर नुसते ओळीने.

फडात मात्र रंगावर जाऊ नका. उन्हातली कांडी आणि पाचटाखालची कांडी एकाच उसाची असून वेगळी दिसते. पाचट सोलून डोळा बघा: गोल की टोकदार, फुगीर की चपटा, वरच्या कड्याला टेकतो की नाही. डोळ्याच्या वर खाच आहे का? पाचटाला कूस आहे का, ते हातालाच कळते. पाच-सहा बेटे तपासावीत, बांधाकडचे एकच नको.

नीरेच्याच खोऱ्यात पाडेगावला 1932 पासून ऊस संशोधन केंद्र आहे. तिथे प्रत्येक जातीचा ऊस शेजारी शेजारी उभा असतो. येत्या लागणीआधी गटातल्या चार-पाच जणांनी मिळून एक फेरी मारावी, आणि शंका असेल तर आपल्या फडातली दोन टिपरी सोबत न्यावीत.