पेसोच्या पाठीवरचा गरुड

२० जानेवारी २०२५ च्या शपथविधीच्या भाषणात डोनाल्ड ट्रम्प यांनी विल्यम मॅकिन्ली यांचा गौरव केला आणि हे विस्मरणात गेलेलं नाव पुन्हा बातम्यांत आलं. आयातशुल्क लावून देश श्रीमंत करणारा अध्यक्ष, अशी ती ओळख. अलास्कातल्या देनाली शिखराला त्यांचं नावही परत देण्यात आलं. त्याच भाषणात पनामा कालवा परत घेण्याची भाषा होती. ग्रीनलंडचा हट्ट तर त्याआधीपासूनच सुरू होता. या सगळ्या गौरवात एक शब्द मात्र आला नाही: फिलिपाइन्स. अमेरिकेचं साम्राज्य तिच्याच कारखानदारीच्या पोटातून जन्मलं की नाही, हा सव्वाशे वर्षांचा वाद त्याच बेटांवरून पेटला होता. म्हणून आज तिकडे वळू.

मॅकिन्ली अध्यक्ष असताना, १८९८ साली, स्पेनशी झालेलं युद्ध चार महिनेही चाललं नाही. पॅरिसच्या तहात अमेरिकेने स्पेनला २ कोटी डॉलर मोजले आणि फिलिपाइन्स घेतलं. तिथल्या लोकांनी १२ जूनलाच स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. त्यांना कोणी विचारलं नाही. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगची ‘द व्हाइट मॅन्स बर्डन’ ही कविता आपण ब्रिटिश राजवटीशी जोडतो; ती लिहिली गेली ती फिलिपाइन्सच्या निमित्ताने, अमेरिकेला उद्देशून. फेब्रुवारी १८९९ मध्ये ती अमेरिकी मासिकात आली. त्याच महिन्यात सिनेटने ५७ विरुद्ध २७ मतांनी तह मंजूर केला, म्हणजे हव्या असलेल्या दोन तृतीयांशापेक्षा एकच मत जास्त. पुढच्या तीन वर्षांच्या लढाईत ४ हजारांवर अमेरिकी सैनिक आणि सुमारे २० हजार फिलिपिनो लढवय्ये मेले. हिंसाचार, उपासमार आणि रोगराईत सामान्य माणसं किती गेली, त्याचा अंदाज दोन लाखांपर्यंत जातो.

हे सारं कशासाठी? कारखाने वाढले, माल साठला, बाजारपेठ हवी होती, म्हणून तोफा निघाल्या, हे उत्तर आपल्याकडे अनेकांना पाठ आहे. ते खोटं नाही, पण फार सोपं आहे. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी साम्राज्याच्या ठाम विरोधात होता. ते २ कोटी डॉलर माझ्याकडून घ्या आणि फिलिपाइन्सला मोकळं करा, अशी तयारी त्याने दाखवली. साम्राज्यविरोधी लीगमध्ये त्याच्या मांडीला मांडी लावून कामगारनेते सॅम्युएल गॉम्पर्स होते. पुढे मार्क ट्वेनही आले. बीटाची साखर काढणाऱ्यांना फिलिपाइन्सची उसाची साखर दारात नको होती. १९०२ च्या कायद्यात तिथे कंपन्यांच्या जमीनधारणेवर १,०२४ हेक्टरांची मर्यादा आली, ती त्यांच्याच रेट्यामुळे. भांडवलदार एका सुरात बोलत नव्हते.

मग या साम्राज्याचा हिशोब कोणी मांडला? चार्ल्स कोनंट नावाच्या एका पत्रकाराने. हा माणूस आज जवळजवळ कुणाला माहीत नाही, आणि मला तो या साऱ्या वादातला सर्वांत महत्त्वाचा माणूस वाटतो. सप्टेंबर १८९८ मध्ये ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’त साम्राज्यवादाच्या आर्थिक पायावर त्याचा लेख आला. त्याचं म्हणणं असं: उद्योगप्रधान देशांत बचत इतकी साचली आहे की तिला घरात काम उरलेलं नाही. एकाला लागून दुसरा कारखाना काढत गेलं की यंत्रं गरजेपेक्षा जास्त होतात, परतावा घसरतो, मंदी येते. हा तुंबलेला पैसा बाहेर, आशिया-आफ्रिकेकडे काढून द्यायला हवा. तो देश थेट ताब्यात घ्यायचा की नुसता आपल्या छत्राखाली ठेवायचा, हा त्याच्या लेखी तपशिलाचा प्रश्न होता. हे साम्राज्याचा टीकाकार लिहीत नाही, पुरस्कर्ता लिहितो आहे, आणि उघडपणे.

चार वर्षांनी जे. ए. हॉब्सन या इंग्रज लेखकाने जवळपास हेच निदान केलं आणि उपाय उलटा सांगितला: कामगाराच्या हातात पैसा द्या, माल घरीच खपेल. लेनिनने १९१६ मध्ये हॉब्सनचा आधार घेतला. अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुंपेटरने १९१९ मध्ये सगळंच अमान्य केलं. त्याच्या मते साम्राज्याची हाव हा सरंजामी काळाचा अवशेष होता, भांडवलशाहीचा स्वभाव नव्हे. शुंपेटरच्या चौकटीत कार्नेगी नीट बसतो. कोनंट बसत नाही.

कारण कोनंट लेख लिहून थांबला नाही. १९०१ मध्ये अमेरिकी सरकारने त्याला मनिलाला पाठवलं, नवं चलन आखायला. तोवर तिथे मेक्सिकोचे चांदीचे पेसो चालत आणि चांदीच्या भावाबरोबर त्यांची किंमत वरखाली होई. परक्या गुंतवणूकदाराला हे परवडणारं नव्हतं. १९०३ च्या कायद्याने नवा पेसो आला: दोन पेसो म्हणजे एक डॉलर, पक्का दर. लोक त्या नाण्यांना ‘कोनंट’च म्हणू लागले.

ते नाणं नीट पाहण्यासारखं आहे. एका बाजूला घोळदार वस्त्रातली स्त्री, हातात हातोडा, पुढ्यात ऐरण, मागे धुमसणारा मायोन ज्वालामुखी आणि ‘फिलिपिनास’ हे नाव. हे चित्र मेलेसिओ फिगेरोआ या फिलिपिनो कलावंताचं. नाणं उलटलं की पंख पसरलेला गरुड, खाली ढाल आणि कडेने ‘युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका’. घाम गाळणारी बाई पुढे, मालक पाठीमागे. आणि या नाण्याची किंमत टिकवणाऱ्या निधीचा मोठा भाग मनिलात नव्हे, न्यूयॉर्कच्या बँकांत असे.

इथे मराठी वाचकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आठवायला हवेत. आपला रुपयाही असाच बांधलेला होता: १८९३ मध्ये टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद झाल्या, पुढे १ शिलिंग ४ पेन्सचा दर ठरला आणि त्यामागची सोन्याची गंगाजळी लंडनला राहिली. अर्थशास्त्रज्ञ केन्सने १९१३ मध्ये या पद्धतीची तरफदारी केली. आंबेडकरांनी १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’मध्ये तिची चिरफाड केली. किती चलन काढायचं हे राज्यकर्त्याच्या मर्जीवर सोडलं की लोकांच्या खिशातल्या पैशाचा भरवसा उरत नाही, हा त्यांचा मुद्दा. मनिलाचा पेसो आणि मुंबईचा रुपया एकाच दाव्याला बांधलेले होते, फक्त खुंट्या दोन होत्या.

म्हणूनच युद्ध भांडवलदारांना हवं होतं की राजकारण्यांना, या प्रश्नावर वाद घालण्यात आपण फार वेळ दवडला, असं माझं स्पष्ट मत आहे. कार्नेगीचा विरोध प्रामाणिक होता. त्याने काहीही थांबलं नाही. लढाई संपल्यावर पैशाचा दर कोण ठरवतो, तिजोरी कोणत्या शहरात असते, हे विचारलं की साम्राज्य दिसू लागतं. निकाराग्वाच्या नव्या चलनाची आखणी १९११-१२ मध्ये कोनंटनेच केली. पनामाचं चलन १९०४ मध्येच डॉलरला जोडलं गेलं होतं. कालवा परत घेण्याच्या गोष्टी ज्या देशाबद्दल चालतात, तिथे आजही कागदी नोटा डॉलरच्याच आहेत. कोनंट १९१५ मध्ये वारला तो हवानात, क्यूबाच्या चलनाचं काम करताना.

फिलिपाइन्स ४ जुलै १९४६ ला स्वतंत्र झालं. मनिलात अमेरिकेचा झेंडा उतरला, पण दोन पेसोंना एक डॉलर हा दर तसाच राहिला. त्याच वर्षीच्या अमेरिकी व्यापार कायद्यात अट होती की अमेरिकेच्या अध्यक्षांच्या संमतीशिवाय हा दर बदलता येणार नाही. ती अट १९५५ च्या करारापर्यंत टिकली.