रेडिओची घरघर आणि कंडेन्सरचा हौद

घरातली वस्तू बिघडली की दोनच सल्ले मिळतात. भंगारात घाला, नाही तर नवी आणा. आमच्या घरच्या रिसीव्हरचेही तेच झाले. रिसीव्हर म्हणजे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत असलेला संच. वडिलांनी तो १९८४ साली उसाच्या बिलातून घेतला होता. वडील गेले, संच राहिला. आईची नजर आता अधू झाली आहे. सकाळच्या बातम्या आणि संध्याकाळचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम हेच तिचे वर्तमानपत्र. गेल्या पावसाळ्यात संचातून भुंग्यासारखी घरघर सुरू झाली आणि बातम्यांतला शब्द कळेनासा झाला.

एका दुरुस्तीवाल्याने कंडेन्सर बदलून दिला. आठ दिवस संच छान वाजला. नवव्या दिवशी फाट्‌कन आवाज झाला आणि उग्र वास सुटला. उघडून पाहतो तर ५० व्होल्टच्या जागी ३५ व्होल्टचा कंडेन्सर! हाताशी होता, तो लावला. आई म्हणाली, "राहू दे आता. मी किती दिवस ऐकणार आहे?" ते काही मनाला पटले नाही. मग हा विषय मुळापासून समजून घेतला. तोच येथे सांगत आहे.

कंडेन्सरचे काम

घरात येणारी वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट फिरते. संचाला मात्र एकाच दिशेची, स्थिर वीज लागते. ट्रान्सफॉर्मर दाब उतरवतो, डायोड दिशा एक करतात. तरी वीज सलग येत नाही, सेकंदाला १०० हिसके देत येते. पाळीने येणारे पाटाचे पाणी आपण हौदात साठवतो आणि पिकाला सारखे देतो, तेच काम येथे कंडेन्सर करतो. त्याच्या पोटात ॲल्युमिनियमचा पत्रा आणि द्रवात भिजवलेला कागद गुंडाळलेला असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने द्रव सुकतो. हौदात गाळ भरावा तशी साठवण घटते आणि ते हिसके थेट स्पीकरपर्यंत पोहोचतात. हीच घरघर.

आवाजाचे बटण पूर्ण कमी केले तरी दोन्ही स्पीकरमधून घरघर तेवढीच राहिली, तर संशय पुरवठ्याच्या कंडेन्सरवर घ्यावा. माथा फुगलेला किंवा द्रव गळालेला असेल तर खात्रीच. पण बुडाशी असलेला तपकिरी चिकट थर पुष्कळदा कारखान्यातला गोंद असतो. उलट, बाहेरून धडधाकट दिसणारा कंडेन्सरही आतून सुकलेला असू शकतो. म्हणून मीटरवर तपासून घ्यावा. डायोड गेला किंवा अर्थचा सांधा सैल झाला तरीही घरघर होते, तेही पाहावे.

विकत घेताना चार गोष्टी

पहिली, व्होल्ट. ही हौदाच्या भिंतीची उंची. मूळ आकड्यापेक्षा कमी कधीही नको, थोडा जास्त चालतो. आमच्या गावात रात्री पंप बंद झाले की दाब चढतो, म्हणून मी ५० ऐवजी ६३ व्होल्टचे घेतले.

दुसरी, मायक्रोफॅराड. हे हौदाचे आकारमान. आमच्या संचात ६८०० चे दोन होते. तेवढाच आकडा मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास ८२०० चालतो. मात्र दुप्पट-तिप्पट घेऊ नये. संच सुरू करताना डायोडवर ताण येतो. दोन्ही जोडीनेच बदलावेत.

तिसरी, उष्णता. अंगावर ८५ किंवा १०५ अंश लिहिलेले असते. १०५ चा घ्यावा, तो जास्त टिकतो.

चौथी, माप. हल्लीचे कंडेन्सर जुन्यांपेक्षा लहान असतात. दोन पायांतले अंतर, जाडी आणि झाकणाखालची उंची पट्टीने मोजून कागदावर लिहून न्यावी.

तालुक्याला योग्य माल न मिळाल्यास पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा. ओळखीच्या कंपनीचा माल पावतीसह घ्यावा आणि दुकानातच मीटरवर मोजून घ्यावा. वर्षानुवर्षे पडून राहिलेला माल नवा दिसला तरी नवा नसतो. आणखी एक. पंखा किंवा पाण्याच्या मोटारीचा कंडेन्सर येथे चालत नाही. त्याची जात वेगळी आहे.

जिवाची काळजी आधी

प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये वीज शिल्लक राहते. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून ती काढू नये. आमच्यासारख्या ट्रान्झिस्टरच्या संचात १ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर दोन्ही टोकांना मिनिटभर लावावा; हात मात्र उघड्या तारेला लागू देऊ नये. मग मीटरने शून्य झाल्याची खात्री करावी. व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओत शेकडो व्होल्ट असतात, तो जाणकाराकडेच द्यावा. झाळण्याची सवय नसेल तर संच कोणताही असो, माल आपण आणावा आणि काम कारागिराला द्यावे.

जुना कंडेन्सर काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्यावा. अंगावरचा पट्टा म्हणजे ऋण बाजू. उलटा बसला तर नवाही फुटतो. पहिल्यांदा सुरू करताना तारेचा १०० वॅटचा जुना बल्ब सिरीजमध्ये जोडावा. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तो भक्क जळतच राहिला तर ताबडतोब बंद करून चूक शोधावी.

आमचा संच दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुन्हा सुरू झाला. घरघर गेली. आई कॉटवर बसून गुमान ऐकत होती. बातम्या संपल्या तशी तिने हाक मारली, "अरे, उद्या पाऊस सांगितलाय. खळ्यातलं सोयाबीन झाकून घे."